जमादारचं उट्टं

पाळायचं तर कुत्रं की मांजर, असं मला कुणी विचारलं की मी निकाल देत नाही. मी फक्त विचारते, "कशासाठी पाहिजे?" हा प्रश्न माझा नाही, बोदवडच्या कौतिकाबाईंचा आहे. त्या आधी "कशाले पाहिजे?" असं विचारायच्या आणि समोरचा गोंधळला की स्वतःच सांगून टाकायच्या, "सोबत पाहिजे असंन त कुत्रं आन. कोनाचं उट्टं काढाचं असंन त मांजर आन."

ऐकणारे हसायचे. मला हसू येत नसे, कारण ज्यांच्यावर त्यांनी उट्टं काढलं ते माझे सासरे होते, आणि ज्या घरावर त्यांनी मांजरी सोडल्या त्या घरात मी चूल फुंकत होते.

मी धुळ्याची. वडील शाळामास्तर, म्हणून मराठी सातवीपर्यंत शिकलेली आणि जरा तोंडाळ. लग्न होऊन निघाले तेव्हा आईनं बजावलं होतं, "बठ्ठासनं ऐकी लेवानं, बोलानं नही." पहिली काही वर्षं मी खरोखरच सगळ्यांचं ऐकून घेतलं, बोलले नाही. सासरे सुपडूआबा तुपाचे व्यापारी. घरच्या सात म्हशी होत्याच, शिवाय आजूबाजूच्या खेड्यांतून लोणी यायचं. ते कढवून तुपाचे डबे आगगाडीनं भुसावळला जायचे. आबांच्या कपाळाला गंध, तोंडात देवाचं नाव आणि पाय कायम दुसऱ्याच्या हद्दीत. हे मी आज लिहिते आहे. तेव्हा त्यांच्यासमोर माझ्या डोक्यावरचा पदर हलत नसे.

शेजारी कौतिकाबाईंचं घर. सगळं गाव त्यांना अक्का म्हणायचं. दोन्ही घरं धाब्याची, म्हणजे मातीच्या सपाट छपरांची. मध्ये एक बोळ होती, दोन म्हशी शेजारी शेजारी उभ्या राहतील एवढी, आणि ती अक्कांच्या मालकीची होती. मागे परसात कमरेइतकी भिंत. त्या भिंतीवर हात टेकून अक्का बोलायच्या. उंच, हडकुळ्या, लुगडं पोटरीच्या वर खोचलेलं. चालताना वहाणा हातात. विचारलं तर म्हणायच्या, "वहान झिजली त नवी घ्या लागते. पायाची कातडी आपोआप येते." कुणाच्याही घरात त्या बसत नसत. "बसलं की चहा येते, अन् चहा पेला की तोंड बंद होते." वडिलांची नऊ एकर काळी जमीन होती, तीत कापूस लावायच्या. बायांबरोबर स्वतः वेचणीला उभ्या राहायच्या आणि एकीलाही उगाच बोलायच्या नाहीत. पण कुणी लबाडी केली तर ती विसरायच्या नाहीत. मी आयुष्यात पुष्कळ रागीट माणसं पाहिली. त्यांचा राग उतू जातो आणि विझतो. अक्कांचा राग मंद आचेवर कढत ठेवलेला असायचा.

त्यांना नवऱ्यानं टाकलं होतं. तो वरणगावच्या बाजूचा. दुसरी बायको करून त्यानं ह्यांना अंगावरच्या लुगड्यानिशी गाडीत बसवून दिलं होतं, त्याला वीस वर्षं झाली होती. तो वारल्याचा निरोप घेऊन त्याचा पुतण्या आला, तेव्हा मी परसात गोवऱ्या थापत होते. अक्का त्यांच्या मागच्या ओट्यावर सरकीचं बी निवडत होत्या.

"काकू, काका गेले," पुतण्या म्हणाला. "दहाव्याले या. बांगड्या..."

"माह्या कोन गेला?" अक्कांनी बी निवडता निवडता विचारलं.

"काका."

"काका तुह्या. माह्या कोन?"

अक्कांनी त्याला गूळपाणी दिलं, बैलांना कडबा टाकला आणि वाटेला लावलं. पुढच्या बाजाराच्या दिवशी कासारणीसमोर मनगट धरून त्यांनी हिरव्या बांगड्या भरल्या, चांगल्या कोपरापर्यंत. गावानं बोटं मोडली. अक्का त्याच बांगड्या वाजवत गावातून शेतात आणि शेतातून गावात ये-जा करत राहिल्या. मला त्या दिवशी त्यांच्याबद्दल भीती वाटली, आणि खरं सांगायचं तर हेवाही वाटला.

अशा बाईचं कुत्रं म्हणजे जमादार. काळा गावठी कुत्रा, एक कान फाटलेला. बोळीत शिरणाऱ्या प्रत्येकाची तो तपासणी करी, हुंगून, मागेपुढे फिरून. म्हणून ते नाव. भुंकायचा फारसा नाही. अक्का शेतात निघाल्या की चार पावलं पुढे, वेचलेल्या कापसाचा ढीग पडला की ढिगाच्या कडेला. बाजारातून आल्यावर अक्का त्याला सगळा बाजार सांगायच्या. वांगी कशी दिली, कुणाची बैलजोडी विकली गेली, कोण कुणाशी भांडलं. तो पंजांवर तोंड ठेवून ऐकायचा. "नवऱ्यानं टाकलं, भावबंदानं टाकलं," त्या म्हणायच्या, "ह्यानं काही टाकलं नाही."

जमादारची एक खोड होती. अक्कांखेरीज कुणाच्या हातचं तो खात नसे. तुकडा टाकला तर हुंगून बाजूला व्हायचा. मी रोज सकाळी भिंतीवरून त्याला भाकरीचा कोरका दाखवायची, आणि तो रोज मान फिरवायचा. नव्या घरात माझ्याशी प्रेमानं बोलणारं कुणी नव्हतं, मग मीच त्या कुत्र्याशी बोलायची. सहा महिने असे गेले. एक दिवस तो आला, त्यानं माझ्या हातातला कोरका ओठांनी हलकेच उचलला आणि खाल्ला. अक्का ओट्यावरून पाहत होत्या.

"खाल्लं व त्यानं तुह्या हातचं," त्या म्हणाल्या. "म्हनजे तू चांगली हायेस, धुयेवाली. मले मानसातलं कळत नाही, त्याले कळते."

धुळ्याची म्हणून त्या मला धुयेवाली म्हणायच्या. त्या दिवशी मी दिवसभर गुणगुणत होते. सासरी आल्यावर मला मिळालेली ती पहिली शाबासकी होती.

आबांना ती बोळ हवी होती. म्हशी वाढल्या होत्या, गोठा पुरत नव्हता. अक्का शेतात गेल्या की आबा खुंटा आणि घण घेऊन बोळीत जायचे. अक्का जमादारला अलीकडे घरीच ठेवू लागल्या होत्या. तो चावायचा नाही. नुसता खुंट्याच्या जागेवर येऊन उभा राहायचा आणि घशातल्या घशात गुरगुरायचा. आबा परत यायचे. तीन-चारदा असं झालं. गडीमाणसं तोंड फिरवून हसायची. सुपडूशेठला कुत्र्यानं परत पाठवलं, हे गावात पोचायला वेळ लागला नाही.

दुसरं महायुद्ध सुरू व्हायच्या आदल्या वर्षाची गोष्ट. ऐन वेचणीचे दिवस. मी भांडी घासत होते. आबा गोठ्याकडून आले, हातात फडक्यात गुंडाळलेली भाकरी होती, गूळ लावलेली.

"कालची उरली," ते म्हणाले. "त्या कुत्र्याले घाल. बिचारं उपाशी असंन."

मला बरं वाटलं. म्हाताऱ्याला पाझर फुटला असं वाटलं. मी भिंतीशी जाऊन हाक मारली, जमादार शेपूट हलवत आला. पहिला तुकडा त्यानं हुंगला आणि थांबला. मी म्हटलं, "खा रे, गोड आहे." त्यानं माझ्याकडे पाहिलं आणि खाल्ला. मग सगळी भाकरी खाल्ली, माझ्याच हातून.

भाकरीत कुचला होता. कुचल्यानं कुत्रं कसं मरतं ते मी लिहीत नाही. ज्यांनी पाहिलं असेल त्यांना सांगायला नको आणि ज्यांनी नाही पाहिलं त्यांना न कळलेलं बरं. मी भिंतीच्या ह्या बाजूला उभी होते आणि माझे हात गुळानं चिकट होते.

अक्का शेतातून आल्या. त्या रडल्या नाहीत. त्यांनी जमादारला उचललं, शेताच्या बांधावर नेलं, स्वतः खड्डा खणला, माती दिली. परत आल्या तेव्हा गल्लीतली माणसं ओट्यांवर जमली होती. अक्का आमच्या दाराशी उभ्या राहिल्या, उंबऱ्याच्या बाहेर.

"कोनी घातलं?" त्यांनी विचारलं.

त्यांची सवय होती, एकच प्रश्न तीनदा विचारायची. तीनदा विचारलं. मी आत चुलीपाशी होते. आईचं 'बोलानं नही' मला कधी नव्हे इतकं सोयीचं वाटलं, हे कबूल करायला हवं.

आबा झोपाळ्यावर बसले होते. "कुत्रं होतं, मेलं," ते म्हणाले. "कुत्रं मारलं त काय पाप लागते का? मांजर थोडीच हाये!"

दोनचार माणसं हसली. आमच्याकडे समजूत अशी की मांजर मारलं तर काशीला जाऊन सोन्याची मांजर दान द्यावी लागते, त्याशिवाय ते पाप फिटत नाही. कुत्र्याला असलं काही नाही. आबा आपल्या मतानं विनोद करून गेले. माणसानं असं कधी बोलू नये, निदान अक्कांसारख्या बाईसमोर तरी.

"बरं," अक्का म्हणाल्या आणि गेल्या.

दुसऱ्या दिवशी आबांनी बोळीत खुंटे ठोकले, दोन म्हशी बांधल्या. अक्का त्या म्हशींना वळसा घालून आपल्या घरात जाऊ लागल्या. भांडल्या नाहीत. आबा मिशीत हसले. म्हणाले, "थंड पडली बाई."

पुढच्या बाजाराला अक्का गेल्या आणि टोपलीत घालून एक मांजर घेऊन आल्या. करड्या रंगाची, गाभण. भिंतीवर टोपली ठेवून त्यांनी झाकण काढलं. मांजरीनं इकडेतिकडे पाहिलं, नाक वर केलं. आमच्या परसात लोणी कढत होतं.

"धुयेवाली," अक्का म्हणाल्या, "कुत्र्याचा जीव मानसावर असते. मांजरीचा जीव घरावर असते. चांगलं घर पाह्यलं की ते राहून जाते, मानूस कोनी का असंना."

मांजर आमच्या अंगणात उतरली, जणू आधीच ठरवून आल्यासारखी.

पावसाळा येईपर्यंत पाच झाल्या, वर्ष फिरेपर्यंत नऊ. अक्कांनी एकीचंही नाव ठेवलं नाही, एकीलाही मांडीवर घेतलं नाही. संध्याकाळी घोटभर ताक ओतायच्या, तेवढाच त्यांचा संबंध. बाकी सगळं खाणंपिणं आमच्याकडे. दुधाच्या चरवीत तोंड, लोण्याच्या मडक्यात पंजा, धाब्यात उजेडासाठी ठेवलेल्या भोकातून थेट तुपाच्या खोलीत उडी. आबा काठी उगारायचे आणि सासूबाई किंचाळायच्या, "मारू नका! मेली त काशी करा लागंन!" सासूबाई देवभोळ्या. मांजराला पाणी शिंपडायलाही त्या भ्यायच्या, थंडी लागून मेलं तर? आबांची काठी वरच्या वर राहायची. ज्या माणसानं गूळ लावून कुचला चारला, तो मांजरीपुढे हात जोडून "जा बाई, जा" म्हणताना मी पाहिला आहे, आणि डोळे भरून पाहिला आहे.

अक्का भिंतीवर हात टेकून मजा बघायच्या. "कुत्र्याले हाड म्हटलं की त्याले लाज वाटते," त्या मला सांगायच्या, आबांना ऐकू जाईल अशा आवाजात. "मांजरीले लाज ठाऊकच नाही. तू तिले शिव्या दे, ती अंग चाटत बसते. कुत्रं राखन करते, मांजर काहीच करत नाही. पन मांजरीले कोनी मारत नाही. बोल, कोन हुशार?"

आबांनी तीन मांजरी पोत्यात घातल्या आणि गड्याबरोबर गाडीनं वरणगावला पाठवून दिल्या. तो सोडून आला. आठवड्याच्या आत दोन परत आल्या, धुळीनं माखलेल्या, आणि आल्या त्या सरळ लोण्याच्या मडक्याकडे गेल्या. तिसरी आली नाही. सासूबाईंनी तिच्या नावानं चार दिवस एकभुक्त केलं. वाटेत रुळावर मेली असली तर पाप गाडीला की आपल्याला, असं त्या येणाऱ्या-जाणाऱ्याला विचारत होत्या.

मी त्यात काय केलं ते सांगायला हवं. दुधाचं शिंकं चुलीच्या वर टांगलेलं असायचं. त्याची दोरी मी वीतभर सैल बांधू लागले. रोज. तुपाच्या खोलीची कडी लावायची विसरू लागले. चरवी सांडली की बोलणी मलाच बसायची. सासूबाई बोलायच्या, आबा तर माहेर उद्धारायचे, एकदा त्यांनी ओल्या हातानं माझ्या तोंडात मारली. मी खाली मान घालून ऐकायची आणि दुसऱ्या दिवशी दोरी पुन्हा सैल. माझे हात वापरून त्यांनी त्या मुक्या जिवाला मारलं होतं. त्याच हातांनी मी मांजरींना वाट करून देत होते. अक्कांना हे ठाऊक होतं की नाही, मला माहीत नव्हतं. मी त्यांना कधी सांगितलं नाही, कारण ते सांगितलं असतं तर आधीचंही सांगावं लागलं असतं. रोज भिंतीशी उभी राहून मी त्यांच्याशी बोलायची आणि रोज ते शब्द ओठांपर्यंत येऊन परत जायचे.

दुसऱ्या वर्षी एक पिल्लू आमच्या सरकीच्या कोठीत कोंडलं गेलं आणि मेलं. कोठीचं दार आबांनीच लावलं होतं. सासूबाईंनी अन्न सोडलं. भटजी आले. काशीला जायला नको, तापीकाठी दान दिलं तरी चालेल, पण मांजर सोन्याचीच हवी, असं त्यांनी सांगितलं. आबांनी सोनाराशी दोन दिवस घासाघीस केली. पिल्लू होतं, तर मांजर पूर्ण वाढलेली कशाला, हा त्यांचा मुद्दा. शेवटी जी मूर्ती तयार झाली ती हरभऱ्याएवढी होती आणि पालीसारखी दिसत होती. भटजींनी ती तळहातावर घेऊन उजेडात धरली आणि विचारलं, "हिचं शेपूट कुठलं?"

तापीवरून आबा परतले तेव्हा अक्का ओट्यावर उभ्या होत्या.

"सोनं दिलं म्हनता पिलाले," त्या म्हणाल्या. "चांगलं केलं. जमादारले माती मिळाली, ते बी मीच दिली."

आबा आत गेले. त्या दिवशी पहिल्यांदा मला त्यांच्या चेहऱ्यावर भीती दिसली. ही बाई थांबणार नाही, हे त्यांना त्या दिवशी कळलं असावं. मग त्यांनी निरोप पाठवायला सुरुवात केली. बोळीतले खुंटे काढतो, म्हशी हलवतो, मांजरी आवर. अक्कांचं उत्तर एकच. "खुंटे राहू द्या. गल्लीत उभं राहून सांगा, जमादारले मी मारलं. एवढंच." आबा ते कसं म्हणणार? कुत्र्यासाठी, आणि तेही नवऱ्यानं टाकलेल्या बाईसमोर? त्यापेक्षा तूप गेलेलं परवडलं.

पण गोष्ट तुपावर राहिली नाही. माझ्या नणंदेला पाहायला पाहुणे आले. चांगलं घर होतं, मुलगा तालमीतला. पंगत बसली. कळण्याची भाकरी, वांग्याचं भरीत, वरणभात. आबांनी मोठ्या ऐटीत हाक दिली, "तूप आना!" सासूबाई तुपाची कासंडी आणायला गेल्या आणि त्यांनी खोलीचं दार उघडलं. करडी मांजर कासंडीत डोकं घालून बसली होती. दार उघडल्यावर तिनं डोकं वर काढलं, मिशा तुपानं चकचकत होत्या, आणि शांतपणे पंगतीच्या मधून, पाहुण्यांच्या पानांवरून उडी मारून ती बाहेर गेली. मुलाच्या बापानं पानावर पाणी सोडलं. "सुपडूशेठ," तो म्हणाला, "आमी भुसावळले तुमचंच तूप खातो नं?" आणि उठला. त्याच्यामागे सगळे उठले. खोलीची कडी त्या दिवशी मी लावली होती की नाही, हे मला आजही ठामपणे सांगता येत नाही. नणंद दोन दिवस रडत होती. तिचा काही दोष नव्हता. सुडाचं हे असंच असतं, ज्याच्यावर घ्यायचा त्याच्या आजूबाजूलाही तो सांडतो. तेव्हा मात्र मला त्याचं काही वाटलं नाही, हे लपवण्यात अर्थ नाही.

त्यानंतरच्या बाजाराच्या दिवशी भरदुपारी आबा बाहेर पडले आणि अक्कांच्या ओट्यासमोर जाऊन उभे राहिले. गल्ली भरली. मी आणि सासूबाई दारात.

"कौतिकाबाई," आबा म्हणाले, "मी काही कुत्र्याले घातलं नाही. देवाशप्पथ नाही घातलं. ज्यानं घातलं तो दाखवतो." आणि त्यांनी बोट केलं. माझ्याकडे. "ह्या बाईनं घातलं. तिच्याच हातानं खाल्लं त्यानं. विचारा तिले."

सगळी गल्ली माझ्याकडे वळली. मी पुढे झाले. इतकी वर्षं अडकलेलं एकदम बाहेर आलं. "हो अक्का. मी घातलं. माझ्या हातानं."

अक्कांनी माझ्याकडे पाहिलंही नाही.

"मले ठाऊक हाये," त्या आबांना म्हणाल्या. "त्याच दिवशी ठाऊक होतं. माह्या अन् तिच्याबिगर तो कोनाच्याच हातचं खात नव्हता. हात तिचा. भाकर कोनाची?"

आबा आमच्या दाराकडे पाहू लागले.

"भाकर कोनाची, सुपडूभाऊ?"

तिसऱ्यांदा विचारायच्या आत माझ्या शेजारून सासूबाई बोलल्या. त्यांच्या तोंडून मी आबांविरुद्ध कधी शब्द ऐकला नव्हता. "माह्या चुलीवरची नाही," त्या म्हणाल्या. "मी त्या दिवशी अन् आदल्या दिवशी बाजरीच्या केल्या होत्या. ह्यांच्या हातात पाह्यली ते भाकर ज्वारीची होती. आता बोलून टाका, नाही त पोरगी बिनलग्नाची घरात राहून जाईन."

आबांनी डोक्यावरची टोपी काढली, पुन्हा घातली. "मीच," ते म्हणाले.

"मीच काय?"

"मीच मारलं."

"कोनाले?"

"कुत्र्याले."

"नाव होतं त्याले."

बोळीतल्या म्हशीच्या रवंथाचा आवाज येत होता. "जमादारले," आबा म्हणाले. "जमादारले मी मारलं."

अक्कांनी मान डोलावली. ओट्यावरची केरसुणी उचलली आणि ओटा झाडायला लागल्या, बाजारातून आल्यावर नेहमी झाडायच्या तशा.

"आता मांजरी ने," आबा म्हणाले. आवाज रडवेला झाला होता.

"माह्या कुठी हायेत त्या?" अक्का म्हणाल्या. "तुमच्या घरच्या हायेत."

आणि ते खरं होतं. अक्कांनी ताक ओतणं बंद केलं, तरी काही फरक पडला नाही. मांजरी आमच्याकडेच राहिल्या, आमच्याकडेच व्यायल्या. आबांनी पुढे तुपाचा धंदा सोडला, खुंटे स्वतः उपटले. शेवटी आजारी पडले तेव्हा त्यांच्या पायांशी त्या करडीची एक नात झोपायची. हाकलायला कुणी धजत नसे.

त्या दिवसानंतर अक्का माझ्याशी पूर्वीसारख्याच बोलत राहिल्या. पाऊस, कापूस, बाजार. भाकरीचा विषय त्यांनी काढला नाही. मला मात्र एक गोष्ट खात राहिली. त्यांना पहिल्या दिवसापासून माहीत होतं. म्हणजे मांजरी सोडल्या तेव्हाही माहीत होतं की सांडलेल्या प्रत्येक चरवीचा मार मलाच बसणार. भिंतीवर हात टेकून त्या जी मजा बघत होत्या, ती फक्त आबांची होती का?

देशाला स्वातंत्र्य मिळायच्या आदल्या वर्षी माझ्या नवऱ्याला धुळ्याला नोकरी लागली आणि आम्ही बोदवड सोडलं. सामान घेऊन स्टेशनवर बसलो होतो. अक्का आल्या, वहाणा हातात. त्या कुणाला पोचवायला स्टेशनवर येत नसत. आता बोलले नाही तर कधीच बोलणार नाही, असं मला वाटलं.

"अक्का," मी म्हटलं, "त्या भाकरीची माफी केली का तुम्ही मला?"

त्या रागावल्या नव्हत्या.

"जमादारनं केव्हाच केली असती," त्या म्हणाल्या. "मरता मरता बी तो तुह्याकडेच सरकत होता. भिंतीपासून ओट्यापर्यंत नाही, ओट्यापासून भिंतीपर्यंत. मातीत त्याचं घसटलेलं दिसे." त्यांनी हातातल्या वहाणा बगलेत धरल्या. "कुत्रं ते. मी काही कुत्रं नाही."

कमरेची पुरचुंडी सोडून त्यांनी माझ्या चार वर्षांच्या मुलीच्या ओंजळीत भाजलेल्या शेंगा ओतल्या. मी सवयीनं हात पुढे केला.

"तुले नाही," अक्का म्हणाल्या. "पोरीले."

मलकापूरकडून गाडी येताना दिसली तशा त्या निघाल्या. फलाटाच्या टोकाला जाईपर्यंत मी त्यांच्या हिरव्या बांगड्यांचा आवाज ऐकत होते. गाडी सुटल्यावर मुलीनं एक शेंग फोडली आणि त्यातला एक दाणा माझ्या तोंडाशी धरला. मी घेतला नाही.